हवा धरलेले इंजिन

लुकास कंपनीचे मीटरिंग युनिट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलची मात्रा मोजून देणारे यंत्र, दुरुस्त होऊन परत आले, तेव्हा मी सांभाळत असलेले रेसिंग इंजिन अकरा महिने बंद होते. इंजिन कॉसवर्थ एफव्हीए. चार सिलिंडर, १५९८ घन सेंटिमीटर, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या आसपास साधारण २१८ अश्वशक्ती. कीथ डकवर्थ यांनी ते १९६७ पासून लागू झालेल्या १६०० सीसीच्या फॉर्म्युला टू नियमांसाठी आखले आणि १९६७ ते १९७१ या पाचही हंगामांतील युरोपियन विजेतेपद याच इंजिनाच्या गाड्यांकडे गेले. ४ जून १९६७ रोजी झांडव्हूर्ट येथे जिम क्लार्क यांच्या लोटस ४९ मधून पदार्पणातच शर्यत जिंकणारे तीन लिटरचे व्ही-आठ डीएफव्ही हे याच इंजिनाचे मोठे भावंड. इतका इतिहास पाठीशी असलेल्या यंत्राला मी पहिल्या दिवशी अत्यंत अडाणीपणाने वागवले. ते कसे घडले आणि पुढच्या दोन दिवसांत मी काय शिकलो, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

त्या दिवशी मी जे केले, ते अनेकांना करताना मी पाहिले होते. बारीक तोंडाच्या प्लास्टिकच्या बाटलीने चारही ट्रम्पेटांत, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तुताऱ्यांत, पेट्रोलची पिचकारी मारली, इलेक्ट्रिक पंप चालू केला, इग्निशन दिले आणि मदतनीसाला स्टार्टरचे बटण दाबायला सांगितले. इंजिन दुसऱ्याच फेरीत पेटले, तीन-चार सेकंद कर्कश आवाजात चालले आणि विझले. पुन्हा पिचकारी मारली, पुन्हा तेच झाले. प्रत्येक वेळी वाटायचे की आता धरेलच, आणि प्रत्येक वेळी ते तेवढ्याच सेकंदांनी थांबायचे. पाचव्या खेपेला जोराचा बॅकफायर झाला आणि तिसऱ्या ट्रम्पेटातून वीतभर ज्वाळ बाहेर आली. माझ्या मदतनीसाने प्रसंगावधान राखून स्टार्टर सोडला नाही, त्यामुळे ज्वाळ आत ओढली गेली. अग्निशामक हाताशी होते, पण ते वापरावे लागले नाही. मी त्या क्षणी काम थांबवले. प्लग काढले तर चारही पेट्रोलने निथळत होते आणि तेलाच्या टाकीचे झाकण उघडल्यावर तेलालाही पेट्रोलचा वास येत होता. सिलिंडरच्या भिंतींवरची तेलाची पातळ साय पेट्रोलने धुऊन गेली होती. रिंगांना आधार देणारे तेलच नसल्यामुळे कॉम्प्रेशन सकाळपेक्षा स्पष्टपणे कमी भरले. सुरू करण्याच्या नादात मी इंजिन झिजवत होतो.

ज्यांच्याकडून मी या इंजिनांचे काम शिकलो, ते ज्येष्ठ मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी इंजिनाला हातही न लावता टॉर्चचा उजेड इंजेक्टरकडे जाणाऱ्या नायलॉनच्या अर्धपारदर्शक नळ्यांमागे धरला. चारही नळ्यांत पेट्रोलचे तुटक तुटक तुकडे होते आणि त्यांच्यामध्ये हवेचे लांब रिकामे भाग. ते एवढेच म्हणाले, “काल इंजिन तुझ्या बाटलीवर चाललं. स्वतःच्या पेट्रोलवर ते एक फेरीही फिरलेलं नाही. त्यानं हवा धरली आहे.”

डिझेल इंजिनावर काम केलेल्या कोणालाही हे शब्द नवे नाहीत. फिल्टर बदलला, टाकी कोरडी पडली की डिझेल इंजिन हवा धरते, मग पान्याने नट सैल करायचा, हाताच्या पंपाने हवा काढायची आणि मगच स्टार्टर मारायचा, हे प्रत्येकाला पाठ असते. हेच तत्त्व पेट्रोलच्या यांत्रिक इंजेक्शनलाही लागू आहे, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते. ‘प्राइम करणे’ या शब्दाचा अर्थ मी सिलिंडरला पेट्रोल पाजणे असा घेतला होता. त्याचा खरा अर्थ टाकीपासून इंजेक्टरच्या टोकापर्यंतचा सगळा मार्ग द्रवाने सलग भरणे असा आहे, आणि या एका फरकावर पुढचे सगळे अवलंबून असते.

हे का, ते समजण्यासाठी लुकासच्या युनिटची रचना डोळ्यांपुढे आणावी लागते. टाकीखालचा इलेक्ट्रिक पंप पेट्रोल चौरस सेंटिमीटरला सुमारे सात किलो दाबाने युनिटपर्यंत पोचवतो. युनिटमध्ये क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरणारा एक पोकळ रोटर असतो आणि त्या रोटरच्या पोटात एक लहानसा दट्ट्या, म्हणजे शटल, दोन थांब्यांच्या मध्ये मागेपुढे सरकत असतो. रोटरची छिद्रे फिरत फिरत एकदा शटलच्या या बाजूला दाबाखालचे पेट्रोल जोडतात, एकदा त्या बाजूला. एका बाजूने पेट्रोल आत शिरले की ते शटलला ढकलते आणि शटलच्या दुसऱ्या बाजूचे तेवढेच पेट्रोल त्या क्षणी जुळलेल्या इंजेक्टरच्या नळीत ढकलले जाते. एक थांबा पक्का असतो. दुसऱ्याची जागा थ्रॉटलला जोडलेला कॅम ठरवतो. थ्रॉटल जितका उघडा, तितका शटलचा पल्ला लांब आणि तितकी मात्रा मोठी. येथे पेट्रोल मोजले जाते ते आकारमानाने. शटलला आपण पेट्रोल ढकलतो आहोत की हवा, याची काहीच जाणीव नसते. तो आपली मात्रा तितक्याच इमानाने हवेचीही मोजतो.

मी त्या संध्याकाळी कागदावर हिशेब मांडला आणि तो मला पुस्तकी वर्णनांपेक्षा जास्त शिकवून गेला. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ४०० घन सेंटिमीटर. पूर्ण भरला तर त्यात जवळजवळ अर्धा ग्रॅम हवा मावते आणि तिला साधारण ०.०४ ग्रॅम, म्हणजे ०.०५ घन सेंटिमीटर पेट्रोल लागते. ही पूर्ण उघड्या थ्रॉटलची मात्रा झाली. थ्रॉटल किंचितच उघडा असताना ती याच्या पाचव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ०.०१ घन सेंटिमीटर धरली आणि नळीचा आतला व्यास दोन मिलिमीटर व लांबी चाळीस सेंटिमीटर धरली, तर एका रिकाम्या नळीत सव्वा घन सेंटिमीटर पेट्रोल मावते. ती भरायला १२५ मात्रा लागतील. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरला एकच मात्रा मिळते, म्हणजे क्रँक २५० वेळा फिरली पाहिजे. स्टार्टर मिनिटाला २०० फेऱ्या देत असेल, तर सलग सव्वा मिनिट बटण दाबून ठेवावे लागेल. आणि जो स्टार्टर मी दहा सेकंदांहून जास्त कधी चालवत नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा धरणे म्हणजे तो जाळण्याचीच तयारी करणे होय. शिवाय इंजेक्टरचा व्हॉल्व्ह साधारण साडेतीन किलो दाबाला उघडतो. नळीत हवा असेल तर शटलचा धक्का ती हवा दाबण्यातच खर्च होतो, आणि व्हॉल्व्ह उघडला तरी ठसठशीत फवारा पडण्याऐवजी नुसते थेंब गळतात. बाटलीतले पेट्रोल तीन-चार सेकंद पुरले, तेवढ्या वेळात नळ्या भरणे केवळ अशक्य होते. काल जे घडले त्यात इंजिनाचा काही दोष नव्हता.

मग बाटलीची पद्धत आली कोठून, हा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तरही त्या ज्येष्ठ मेकॅनिककडूनच मिळाले. हिलबॉर्नसारख्या सतत प्रवाहाच्या इंजेक्शनमध्ये बाटली हा सुरू करण्याच्या क्रियेचाच भाग असतो. तेथे पेट्रोल मात्रेने मोजले जात नाही. इंजिनावरच चालणारा पंप जितका जोरात फिरेल तितका दाब तयार होतो, जादाचे इंधन बॅरल व्हॉल्व्ह (थ्रॉटलबरोबर फिरणारी झडप) आणि बायपासच्या जेटमधून (परतीच्या बारीक छिद्रातून) टाकीत परत जाते आणि उरलेले नोझलमधून अखंड वाहते. स्टार्टरच्या वेगाला पंपाचा दाब इतका तोकडा असतो की नोझलकडे जवळजवळ काहीच पोचत नाही. त्यातून इंधन बहुधा मिथेनॉल असते. मिथेनॉलची वाफ होण्यासाठी किलोमागे सुमारे ११०० किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलला साधारण ३५०. आणि तितक्याच हवेला मिथेनॉल दुपटीहून जास्त लागत असल्यामुळे आत येणारे मिश्रण पेट्रोलच्या मानाने सातपट गारठते. त्याची पेटण्याइतकी वाफ ११ अंश सेल्सियसच्या खाली तयार होत नाही, म्हणून थंड सकाळी त्याला ठिणगी लागतच नाही. अशा इंजिनाला प्रत्येक ट्रम्पेटात थोडे साधे पेट्रोल देऊन पेटवायचे आणि ते पेट्रोल संपण्याच्या आत वेग इतका वाढू द्यायचा की पंपाचा दाब पुढचे काम हाती घेईल, हीच योग्य रीत आहे. मी एकदा अशा इंजिनाच्या कामात हातभार लावला होता आणि तेथली सवय येथे तशीच उचलली होती. मिथेनॉलची ज्योत दिवसा डोळ्यांना दिसत नाही, हे मात्र बाटली हातात घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. पेट्रोलची वीतभर ज्वाळ निदान मला दिसली तरी.

कुगेलफिशर या जर्मन कंपनीचा इंजेक्शन पंप या दोघांहून निराळा आणि डिझेलच्या सर्वांत जवळचा. त्यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र प्लंजर, म्हणजे दट्ट्या, असतो आणि इंजेक्टर तीस किलोच्याही वर उघडतात. १९७१ पासूनच्या बीएमडब्ल्यू २००२ टीआय-आय गाडीत तो होता. तेथे पंपाच्या पोटातली हवा काढून झाल्यावर इंजेक्टरकडचा एकेक नट सैल करून, बुडबुड्यांशिवाय पेट्रोल येईपर्यंत इंजिन फिरवतात. डिझेलवाल्याला त्यात वेगळे काही शिकावे लागणार नाही.

आता आमच्या इंजिनाकडे वळतो. सुरुवात टाकीपासून केली. लुकासचा पंप पेट्रोल ओढण्यात कच्चा आहे. त्याला ते वरून उतरत मिळावे लागते आणि कोरडा फिरला की तो आतून खरवडतो, कारण त्याला वंगण पेट्रोलचेच असते. म्हणून आधी टाकी अर्ध्याहून जास्त भरली, फिल्टरचा कप पेट्रोलने काठोकाठ भरून बसवला आणि पंपाकडे येणारी जाड नळी पंपाजवळ सैल करून तिथे पेट्रोल पोचल्याची खात्री केली. मग युनिटच्या तोंडाशी असलेला युनियन, म्हणजे नळी जोडणारा नट, सैल केला, खाली भांडे धरले, बॅटरीचे टोक चांगले लांब ठेवले आणि पंप चालू केला. सुरुवातीला त्याचा आवाज उंच, किंचाळल्यासारखा आणि पोकळ होता. भांड्यात फेस आला, मग फेस व धार, मग धार. त्याच वेळी पंपाचा आवाज खाली उतरून जड झाला. हा आवाजातला बदल मी आता कान देऊन ऐकतो. दाबाच्या गेजपेक्षा तो लवकर बातमी देतो.

पण धार पूर्ण स्वच्छ होईना. दर पाच-सहा सेकंदांनी एखादा बुडबुडा येतच होता. दाबाच्या बाजूला गळती असती तर पेट्रोल बाहेर दिसले असते. बुडबुडे येत आहेत आणि बाहेर कोठेही ओल नाही, याचा अर्थ हवा पंपाच्या आधीच्या, ओढीच्या बाजूने शिरत होती. फिल्टर आणि पंप यांच्यामधल्या रबरी नळीचा क्लिप घट्ट दिसत होता, पण त्याखालचे रबर कडक होऊन त्याला केसाएवढी चीर गेली होती. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुने रबर असे कडक करते किंवा फुगवते, आणि दमट हवेतले पाणी शोषून घेते ते वेगळेच. अकरा महिन्यांपूर्वी युनिट दुरुस्तीला पाठवावे लागले तेही याच पाण्यामुळे. रोटरवर गंजाचे ठिपके आले होते आणि शटल अडकत होते. आम्ही नळी बदलली, आणि त्यानंतर धार काचेसारखी स्वच्छ आली. युनियन आवळल्यावर गेजचा काटा सात किलोवर जाऊन स्थिर झाला आणि पंप बंद करताच झपकन शून्यावर न येता हळूहळू उतरला, म्हणजे जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्हही नीट बसत होता.

या टप्प्यावर एक गोष्ट मी मुद्दाम तपासली. पंप चालू, दाब पूर्ण आणि इंजिन स्थिर, अशा स्थितीत मी दोन मिनिटे थांबलो. युनिट चांगले असेल तर या वेळी एकाही इंजेक्टरमधून पेट्रोल येता कामा नये, कारण शटल एका थांब्याला टेकून उभे राहते आणि रोटर फिरल्याशिवाय पुढची मात्रा जात नाही. झिजलेल्या युनिटमधून किंवा न मिटणाऱ्या इंजेक्टरमधून मात्र ते झिरपत राहते. शर्यतीच्या तयारीत पंप चालू ठेवून गप्पा मारत उभे राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, कारण झिरपलेले पेट्रोल उघड्या इनलेट व्हॉल्व्हमधून पिस्टनवर साचले आणि त्यावर कोणी स्टार्टर दाबला, तर द्रव दाबला जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या इंजिनाचे सुटे भाग मिळवायला वर्ष जाते, त्याच्या बाबतीत या दोन मिनिटांची किंमत फार मोठी आहे.

आमच्या दोन मिनिटांत चौथ्या इंजेक्टरच्या टोकाशी एक थेंब जमला. तो आम्ही नोंदवून ठेवला.

यानंतरचे काम मला सर्वांत जास्त आवडते, आणि घाई असलेले लोक नेमके तेच टाळतात. चारही प्लग काढले. इग्निशनचा पुरवठा कॉइलपासून पूर्ण सोडवला. नुसता स्विच बंद ठेवण्यावर भागत नाही, कारण उघड्यावर पेट्रोल फवारले जात असताना एकही ठिणगी उडण्याची शक्यता ठेवायची नसते. इंजेक्टर त्यांच्या जागेवरून बाहेर काढले, नळ्या त्यांना जोडलेल्याच ठेवल्या आणि प्रत्येकाचे तोंड मोजपट्टी असलेल्या एकेका काचेच्या बाटलीत सोडले. बाटल्या स्टार्टरपासून शक्य तितक्या दूर, ओल्या फडक्याने वेढून ठेवल्या. दारे उघडी होती. एक माणूस अग्निशामक घेऊन उभा राहिला आणि त्याला दुसरे कोणतेही काम दिले नाही.

प्लग काढण्याचे तीन फायदे एकदम मिळतात. सिलिंडरमध्ये जमलेले पेट्रोल बाहेर पडते. कॉम्प्रेशन नसल्यामुळे इंजिन हलके फिरते आणि गेजवर तेलाचा दाब येईपर्यंत बेअरिंगवर भार न देता ते फिरवता येते. तिसरा फायदा विजेचा. इलेक्ट्रिक पंप आणि स्टार्टर एकाच बॅटरीवर असतात. स्टार्टरने विजेचा मोठा घास घेतला की पंपाला मिळणारे व्होल्ट घसरतात आणि पंपाचा दाब घसरतो. आम्ही आदल्या दिवशीच्या बॅटरीवर प्लग लावून पाहिले, तेव्हा स्टार्टर चालू असताना गेज सातवरून चार किलोच्या खाली येत होते, म्हणजे इंजेक्टर उघडण्याच्या दाबाच्या अगदी काठावर. म्हणून स्टार्टरला बाहेरची वेगळी बॅटरी जोडली आणि गाडीतली बॅटरी फक्त पंप आणि इग्निशनसाठी ठेवली. डीएफव्हीच्या गाड्यांत इलेक्ट्रिक पंप सुरू करण्यापुरता असतो आणि नंतर इंजिनावरचा यांत्रिक पंप दाब सांभाळतो. तेथेही पहिल्या काही सेकंदांचा सगळा भार या छोट्या मोटरवरच पडतो.

मग आठ-आठ सेकंदांच्या टप्प्यांत, मध्ये एक मिनिट विश्रांती देऊन, इंजिन फिरवले. या वेळी थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला, म्हणजे शटलचा पल्ला सर्वांत लांब राहतो आणि नळ्या लवकर भरतात. प्लग नसताना आणि इंजेक्टर बाहेर असताना त्यात धोका नाही. टॉर्चच्या उजेडात नायलॉनच्या नळ्यांतले हवेचे भाग एकामागून एक पुढे सरकताना दिसत होते. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी पहिल्या आणि दुसऱ्या बाटलीत टपटप सुरू झाली, तिसऱ्या टप्प्यात तिचे ठोके झाले, आणि चौथ्या टप्प्यात चारही इंजेक्टर प्रत्येक दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे शंकूच्या आकाराचा बारीक, धुरकट फवारा देऊ लागले. तो आवाज टिक-टिक असा कोरडा आणि खणखणीत असतो. हवा असेपर्यंत तो फुसफुसतो. चौथा इंजेक्टर खणखणीत वाजत होता, पण फवारा एका बाजूला झुकलेला होता आणि प्रत्येक मात्रेनंतर टोकाशी थेंब राहत होता. आम्ही तो बदलला, त्याच्या नळीतली हवा पुन्हा काढली, सगळ्या बाटल्या रिकाम्या करून तीन टप्पे नव्याने फिरवले आणि मोजले. चारही बाटल्यांतली पातळी एका रेषेत होती. मला तेव्हा जो आनंद झाला, तो इंजिन सुरू झाल्याच्या आनंदापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

इंजेक्टर जागेवर बसवले. बाटलीची पिचकारी कपाटात ठेवली. पेट्रोलने पातळ झालेले तेल काढून नवे भरले होते, ते बाहेर काढून साठ अंशांच्या आसपास तापवले आणि पुन्हा टाकीत ओतले. घट्ट थंड तेलावर इतक्या काटेकोर फटींचे इंजिन मी फिरवत नाही. प्लग वाळवून न लावता नवे लावले, कारण एकदा पेट्रोलने भिजलेल्या प्लगवर पहिल्या सुरुवातीला विश्वास टाकणे मला पटत नाही. युनिटवरचा मिश्रण दाट करणारा खटका ओढला. इग्निशन जोडले, पंप चालू केला, आवाज जड होईपर्यंत आणि काटा सातवर येईपर्यंत थांबलो.

थ्रॉटलच्या बाबतीत येथे सगळ्यांत जास्त संयम लागतो. या युनिटची मात्रा थ्रॉटलच्या कोनावर ठरते, इंजिनाच्या वेगावर नव्हे. स्टार्टरच्या वेगाला थ्रॉटल अर्धा उघडला तर शटल अर्ध्या थ्रॉटलची मात्रा देईल, पण ट्रम्पेटांतून हवा इतक्या संथ येत असते की त्या पेट्रोलची वाफ होण्याऐवजी ते भिंतींवरून ओघळते आणि इंजिन ओव्हर होते. कार्बोरेटरच्या सवयीने पॅडल पंपासारखे मारणाऱ्याचे प्लग येथे हमखास ओले होतात. म्हणून पाय थ्रॉटलवर फक्त टेकवला, अंगठ्याच्या नखाएवढी फट पडेल इतकाच दाबला आणि तेथेच ठेवला. स्टार्टर दाबला. पहिल्या दोन सेकंदांत काहीच झाले नाही. मग एका सिलिंडरने उचल खाल्ली, पाठोपाठ दुसऱ्याने, आणि पुढच्या सेकंदाला चारही एकदम लागले. मी पाय हलवला नाही. आदल्या दिवशी ज्या तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला ते विझत होते, तो क्षण आला आणि गेला. टॉर्च नळ्यांमागे धरून उभ्या असलेल्या मदतनीसाने हात वर केला. एकही बुडबुडा नव्हता. तेलाचा दाब आल्याचे पाहून मी वेग २,५०० फेऱ्यांवर नेला आणि पाणी तापेपर्यंत तेथेच ठेवला, मिश्रणाचा खटका हळूहळू सोडत आणला.

गरम इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रसंग अर्ध्या तासानंतर आला आणि त्यात वेगळीच अडचण निघाली. इंजिन बंद केल्यावर त्याची उष्णता नळ्यांत आणि पंपात भिनली होती, पेट्रोलची वाफ झाली होती आणि शटलच्या दृष्टीने वाफ आणि हवा यांत काही फरक नाही. पंप पुन्हा उंच आवाजात किंचाळू लागला. येथे बाटल्यांचा खटाटोप करावा लागत नाही. पंपाभोवती ओले फडके गुंडाळले आणि तो दोन मिनिटे नुसता चालू ठेवला, म्हणजे रिलीफ व्हॉल्व्हमधून परत जाणारे पेट्रोल टाकीतले थंड पेट्रोल फिरवत राहते आणि वाफ टाकीत निघून जाते. आवाज उतरला, स्टार्टर दाबला, इंजिन लगेच लागले. या वेळी मिश्रणाच्या खटक्याला हात लावला नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी इंजिन पुन्हा सुरू केले, तेव्हा नळ्या भरलेल्याच होत्या. पंप, सात किलो, नखाएवढा थ्रॉटल, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ते चालू झाले. हंगाम संपल्यावर मात्र युनिटमध्ये पेट्रोल तसेच ठेवले नाही. टाकी रिकामी केली, युनिटमधून पातळ तेल जाऊ दिले, प्लग काढून इंजिन फिरवले आणि चारही नळ्यांत पेट्रोलऐवजी तेल उतरल्याचे टॉर्चने पाहून सगळी तोंडे टोप्यांनी बंद केली. सुकाणूला एक पुठ्ठा बांधला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ‘युनिटमध्ये तेल आहे. आधी बाटल्या, मग प्लग.’